हिमालयनची उंची उतरवली: उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचं काम

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी गाडीला हातच लावला नाही. माझ्या पायातल्या चपला बघून म्हणाले, "ताई, रोज ह्याच घालून चालवता गाडी?" मी म्हटलं, नाही, कामावर जाताना गमबूट असतात. "मग ते घालून या. आन मागच्या पेटीत जे रोजचं सामान असतंय, ते बी भरून आणा." घर तिथून पाच किलोमीटर. परत गेले, गमबूट चढवले, पेटीत औषधं, सलाईनच्या बाटल्या, दोराचं भेंडोळं असं सगळं भरून पुन्हा आले. मग कुठे त्यांनी खिशातून टेप काढला.

मी पशुवैद्यक आहे. कोल्हापुरात राहते आणि करवीर, राधानगरी, गगनबावडा या तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवर गोठ्यांमध्ये जाऊन जनावरं बघते. उंची पाच फूट एक इंच, पायाची आतली उंची, म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंत, ६९ सेंटिमीटर. गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन ४११, बीएस ६, २०२१ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. कंपनीच्या कागदावर सीटची उंची ८०० मिमी, जमिनीपासूनचं अंतर २२० मिमी आणि वजन १९९ किलो. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की माझी अडचण लगेच दिसते. मी बसल्यावर गाडी थोडी दबते आणि बुटाचा सोलही थोडी उंची देतो, तरी सरळ बसून माझ्या डाव्या पायाचा फक्त चवडा कसाबसा टेकायचा. उजवा पाय हवेतच.

"मग हीच गाडी कशाला?" हा प्रश्न मला शोरूमपासून सासरपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. मीटिऑर ३५० ची सीट ७६५ मिमी, तिच्यावर माझे दोन्ही पाय आरामात टेकतात. पण पावसाळ्यात असळजच्या पुढे आत वळलं की रस्ता संपतो आणि ओढ्यातले गोटे सुरू होतात. तिथे पुढचं २१ इंची चाक आणि लांब सस्पेन्शन काय कामाला येतं, ते मी दोन पावसाळे अनुभवलंय. उंच गाड्यांत हिमालयन ४११ खरं तर बुटकीच म्हणायची. एक्सपल्स २०० ची सीट ८२५ च्या आसपास, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५, केटीएम ३९० ॲडव्हेंचर आली तेव्हा तिची ८५५. २०२३ च्या अखेरीस नवी हिमालयन ४५० आली तीही बघून आले. तिची सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन उंच्यांवर बसवता येते, शिवाय कंपनीची कमी उंचीची वेगळी सीट घेतली तर ८०५. म्हणजे नव्या गाडीची सर्वांत बुटकी सीटसुद्धा माझ्या जुन्या गाडीपेक्षा उंच. तेव्हा आहे तीच गाडी खाली घ्यायची असं ठरवलं.

मी आधी चुकले कुठे ते सांगते, कारण मिस्त्रींच्या कामाची किंमत मला त्या चुकीमुळे कळली. शहरातल्याच एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले होते. त्यांनी अर्ध्या तासात मागचा शॉकअप आणि चाक यांना जोडणाऱ्या लिंकच्या पट्ट्या बदलल्या, शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, पूर्ण ढिला केला आणि गाडी मागून ४५ मिमी खाली बसवली. दोन्ही पायांचे चवडे टेकले. इतका आनंद झाला की बाकी काही विचारायचं सुचलंच नाही. पैसे दिले आणि घरी आले.

त्रास दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. गाडी फक्त मागून बसवल्यामुळे तिचं नाक वर झालं होतं. रात्री समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारत होता, कारण माझा हेडलाइट थेट त्याच्या डोळ्यांत जात होता. गगनबावड्याहून भुईबावडा घाटात उतरताना वळणावर हँडल जड लागायचं, गाडी वळायला कां-कूं करायची. पुढचं चाक धरणारा फोर्क आडवा झाला की असं होणारच, हे नंतर समजलं. बालिंग्याच्या पुढच्या गतिरोधकांवर डबल स्टँडचा कान दर वेळी घासायचा. हे सगळं मी "सवय होईल" म्हणून चालवून घेतलं.

मग एका सकाळी एका वस्तीवर दुग्धज्वराची गाय बघायला गेले. व्यालेली गाय, मान पोटाकडे वळवून पडलेली, कॅल्शियम शिरेतून द्यायचं होतं. घाईत गाडी साइड स्टँडवर लावली आणि गोठ्यात शिरले. अंगणाला उजवीकडे जरासा उतार होता. शेजारी बांधलेल्या म्हशीनं पाठ खाजवायला म्हणून गाडीला अंग लावलं, आणि गाडी उजव्या बाजूला आडवी. म्हशीला काही झालं नाही, ते नशीब. ब्रेकचा लिव्हर तुटला, आरसा गेला आणि पेटीतली कॅल्शियमची दुसरी बाटली फुटली. गायीला एकीवरच भागलं, ती तासाभरात उठून उभीही राहिली. पण दुसरी बाटली लागली असती तर? त्या विचारानं मला त्या रात्री झोप आली नाही.

गाडी का पडली, ते मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं. "गाडी खाली आली, स्टँड हाय तेवढाच ऱ्हायला." गाडी ४५ मिमी बसली की तोच साइड स्टँड तिला लांब पडतो. मग ती डावीकडे पुरेशी कलत नाही, जवळपास सरळ उभी राहते आणि थोड्याशा धक्क्यानंही दुसरीकडे जाते. इतकी साधी गोष्ट. दुकानानं सांगितली नाही आणि मलाही दिसली नाही.

आता मिस्त्रींबद्दल. शिवाजी उद्यमनगरात लेथच्या आणि फाउंड्रीच्या शेडांच्या मधे त्यांचं दोन गाळ्यांचं गॅरेज आहे. नाव-पत्ता मी मुद्दाम देत नाही. हातात आधीच महिनाभराचं काम आहे, अजून गर्दी नको, असं त्यांनीच सांगितलंय. उद्यमनगरात कुणालाही "लिंकचं काम करणारे मिस्त्री" असं विचारलं तर दोन-तीन ठिकाणं दाखवतील. कोणतं धरायचं, ते तिथे कसं मोजमाप घेतात यावरून ठरवा.

त्यांनी पहिल्यांदा गाडी पूर्ववत केली. कंपनीच्या मूळ पट्ट्या मी नशिबानं जपून ठेवल्या होत्या, त्या परत बसवल्या. मग तीन मापं घेतली. पहिलं माप मागचं चाक अधांतरी लटकत असताना, दुसरं गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, आणि तिसरं मी गमबूट घालून, भरलेल्या पेटीसकट बसल्यावर. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे गाडी स्वतःच्या, माझ्या आणि पेटीच्या वजनानं एकूण किती दबते ते. हिमालयनच्या मागच्या चाकाला १८० मिमीची हालचाल आहे. त्यातला साधारण तिसरा हिस्सा माणूस बसल्यावर दबला तर बरं, उरलेला खड्ड्यांसाठी राहतो. माझं वजन ५४ किलो, त्यामुळे गाडी तेवढी दबतच नव्हती. "स्प्रिंग तुमच्यासाठी कडक हाय," ते म्हणाले. मूळ पट्ट्यांवर प्रीलोड माझ्या वजनाला आणि पेटीला जुळवून घेतला, तेवढ्यानंच सीट बोटभर खाली आली. त्यासाठी एकही भाग बदलावा लागला नाही.

हे ऐकून मी म्हटलं, मग स्प्रिंगच थोडी कापा की, अजून खाली येईल. त्यांनी चक्क हात जोडले. स्प्रिंग कापली की ती आखूड होते, पण त्याचबरोबर आणखी कडकही होते, आणि तिची टोकं जागेवर नीट बसत नाहीत. हे काम करणारे आहेत, पण ते करणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तेव्हा. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा माणूस पुढचं कामही विचारानंच करणार.

दुसरी पायरी सीटची. त्यासाठी त्यांनी मला शेजारच्या सीटवाल्यांकडे धाडलं. मला वाटलं होतं, फोम कापून सीट पातळ करतील. त्या काकांनी मला गाडीवर बसवलं आणि मांड्यांच्या आतल्या बाजूनं सीटवर दोन्हीकडे खडूची रेघ ओढली. मग रेक्झिन सोलून काढलं आणि करवतीच्या पात्यानं त्या रेघेपाशी फोम तासायला घेतला. वरून थोडा, बाजूंनी जास्त. टाकीजवळचा भाग दोन्हीकडून जवळजवळ इंच-इंच अरुंद केला. दर दहा मिनिटांनी मला वर बसवायचे, दोन्ही पाय सोडायला सांगायचे आणि पुन्हा तासायचे. चार वेळा बसले-उतरले. वरून सीट फक्त वीस मिमी कमी झाली, पण पाय जमिनीला लागतात त्यात फरक त्याहून मोठा पडला. रुंद सीटवर मांडी आधी बाहेर जाते आणि मग खाली येते, त्यात पायाची लांबी वाया जाते. सीट पुढे अरुंद झाली की पाय सरळ खाली पडतो. हे मला आधीच कळलं असतं तर लिंकच्या नादाला लागलेच नसते, किंवा निदान सुरुवात तिथून केली नसती.

सीट झाल्यावर मिस्त्रींनी मला तीन दिवस गाडी तशीच चालवायला लावली. "एवढ्यात भागलं तर बाकीचं करायचं न्हाई," असं स्पष्ट सांगितलं. ज्यांना सपाट रस्त्यावर शहरातच फिरायचं आहे, त्यांनी इथेच थांबावं असं मला मनापासून वाटतं. माझं भागलं नाही, कारण मी उतारावर, चिखलात, पेटीत चौदा किलो सामान घेऊन थांबते. डावा पाय पक्का टेकत होता, उजवा अजून चवड्याच्या टोकावर होता. मग लिंक आणि फोर्कचं काम ठरलं, तेही मोजून. मागून २० मिमी. त्याहून एक मिलिमीटर जास्त नाही.

लिंकचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागचा एकच शॉकअप थेट चाकाला जोडलेला नसतो. मधे एक तिकोनी रॉकर असतो आणि त्याला दोन छोट्या पट्ट्या. पट्ट्यांची लांबी बदलली की रॉकर वेगळ्या कोनात उभा राहतो आणि गाडी वर-खाली होते. बहुतेक गाड्यांत पट्टी लांब केली की गाडी बसते, काही गाड्यांत उलट असतं. पट्टीतला मोजका फरक चाकापाशी बराच वाढून दिसतो, म्हणून इथे अंदाजानं काम करून चालत नाही. मिस्त्रींनी ईएन ८ या प्रतीच्या पोलादाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आवळून एकाच वेळी ड्रिल करून घेतल्या, म्हणजे दोन्हींतली भोकं तंतोतंत जुळतात. व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाची सरकपट्टी, लावून मलाही दाखवलं. डावी-उजवी पट्टी जराशी जरी लहान-मोठी झाली, तरी रॉकर तिरका ओढला जातो आणि बेअरिंग खातो.

आणि मग त्यांनी जे केलं, ते मी कुठल्याही गॅरेजमध्ये पाहिलं नव्हतं. गाडी २० मिमी खाली आली म्हणजे मोठ्या खड्ड्यात मागचं चाक आतल्या मडगार्डला लागण्याची भीती. ते कळणार कसं? शॉकअप काढून त्याची स्प्रिंग प्रेसवर उतरवली आणि स्प्रिंगशिवाय तो परत जागेवर बसवला. मग आतल्या मडगार्डच्या बुडाला शाडूच्या मातीचा गोळा चिकटवला. माती पोरगा बापट कॅम्पातून गणपतीच्या कारखान्यातून घेऊन आला होता. चाकाखाली जॅक लावून ते शेवटच्या रबरापर्यंत, म्हणजे गाडी जास्तीत जास्त जितकी दबू शकेल तितकं, वर उचललं. परत खाली सोडलं. मातीवर टायरच्या गुड्ड्यांचा ठसा उमटला होता. तो गोळा त्यांनी मधोमध सुरीनं कापला आणि उरलेली जाडी पट्टीनं मोजली: ९ मिमी. "एवढं बास हाय. चिखल अडकला तरी चाक फिरंल." मी त्या कापलेल्या गोळ्याकडे बघत राहिले. आम्ही शस्त्रक्रियेआधी जनावराचं वजन दोनदा घेतो, भुलीचं औषध मोजून भरतो, त्याच जातीची ही काळजी होती.

पुढचं काम त्या मानानं सोपं. फोर्कचे दोन्ही पाइप त्यांना धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या टीमधून (पकडीमधून) १२ मिमी वर सरकवले, दोन्ही बाजू स्केलनं जुळवल्या. रॅचेटच्या पट्ट्यांनी फोर्क पूर्ण दाबून पुढचं चाक कुठे लागतं का, तेही पाहिलं. टीचे बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्यानं, आवळले. आकडा त्यांच्या मुलानं मोबाइलवर सर्व्हिस मॅन्युअल उघडून वाचून दाखवला. पाइप जास्त आवळला तर चेपतो आणि कमी आवळला तर सरकतो, त्यामुळे पान्याला एक लांब पाइप लावून जोर काढणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका.

साइड स्टँड त्यांनी गाडीवरून पूर्ण सोडवला, मधे कापला, आत पिन घालून जोडला, वेल्डिंग केलं, घासून रंग दिला. गाडीवर लावून वेल्डिंग केलं तर वायरिंग आणि कंट्रोल युनिटला धोका असतो, म्हणून सोडवूनच करायचं. कापलं फक्त १४ मिमी. आधी ठोकळे ठेवून गाडी किती कलते ते पाहिलं, आणि मगच करवत चालवली. मी पेटी भरून, उताराच्या अंगणात लावून, स्वतः उजवीकडून ढकलून पाहिली. गाडी जागची हलली नाही.

चेनचा ढिलेपणा पुन्हा जुळवला, कारण स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलला की तोही बदलतो. हेडलाइट समोरच्या भिंतीवर खूण करून खाली घेतला. आता मला कुणी डिपर मारत नाही.

खर्च असा. सीटचे १,८०० रुपये. पट्ट्या, ड्रिलिंग आणि बुश मिळून २,६००. स्टँडचे ४५०. फोर्क, चेन, हेडलाइट आणि उघडझाप यांची मजुरी १,५००. एकूण ६,३५० रुपये. आधीच्या दुकानात गेलेले पैसे आणि तुटलेला लिव्हर-आरसा वेगळा. माझ्या मते हे पैसे योग्य लागले.

तक्रारीही आहेत, त्या लपवणार नाही. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले. मधले पाच दिवस मी नवऱ्याच्या स्कूटरवर गोठे फिरले आणि दोन लांबच्या गावांना जाऊच शकले नाही. त्यांना तसं सांगितलं, त्यांनी चूक कबूल केली, पण ज्याचं पोट गाडीवर आहे त्यानं ही वेळ धरूनच गाडी टाकावी. छापील बिल मिळत नाही, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब लिहून देतात. पुढे गाडी विकताना किंवा विम्याच्या वेळी काय काय बदललं ते सांगायला कागद हवा, म्हणून मी तोच कागद सही घेऊन ठेवलाय.

सीटबद्दल दोन गोष्टी. तासलेल्या फोमवर त्यांनी रीबॉन्ड फोमचा (फोमचे तुकडे दाबून-चिकटवून केलेल्या फोमचा) पातळ थर दिला आहे. तो कडक आहे. दाजीपूरपर्यंत काही वाटत नाही, पण दिवसभरात दीडशे किलोमीटरच्या वर गेले की माकडहाड बोलायला लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या शिवणीतून पाणी झिरपतं. पहिल्या वळवात सीट ओली झाली आणि पुढचे दोन दिवस कपडे ओले. शिवणीवर आतून चिकटपट्टी लावून द्यायला हवी होती. सीटवाले काका म्हणाले, आणा, फुकट लावून देतो. अजून जाणं झालेलं नाही.

डबल स्टँडचं दुखणं मात्र कायमचं आहे. गाडी खाली आल्यामुळे तिला डबल स्टँडवर चढवायला आधीपेक्षा जास्त उचलावं लागतं, आणि माझ्या वजनाला ते जमत नाही. मिस्त्री म्हणाले, डबल स्टँडचे दोन्ही पाय अगदी सारखे कापावे लागतात, जरा चुकलं तर गाडी डुगडुगते, त्यापेक्षा फळी वापरा. घरी मी अर्ध्या इंचाच्या फळीवर मागचं चाक चढवते आणि मग स्टँड लावते. चेनला तेल घालण्यापुरतं चालून जातं. गावात पंक्चर झालं तर कुणाला तरी हाक मारावीच लागणार.

मागे माणूस बसला की गाडी लवकर दबते. नवरा ७८ किलोचा. आम्ही दोघं पन्हाळ्याला गेलो तेव्हा बुधवार पेठेच्या वरच्या वळणांवर एका खड्ड्यात खाडकन आवाज आला. आता दोघं जाताना प्रीलोड वाढवते, त्याचा हुकासारखा पाना पेटीतच असतो. जमिनीपासूनचं अंतर २२० वरून दोनशेच्या जरा खाली-वर आलं असेल. ओढ्यात इंजिनखालची प्लेट दोनदा दगडाला लागली, ती आधी लागत नव्हती. ही किंमत मला माहीत होती आणि मी ती समजून मोजली. ज्यांना खरोखर अवघड वाटांवर जायचं आहे, त्यांनी आधी चालवायची पद्धत शिकावी: थांबायच्या आधी जागा हेरायची, उंचवट्याच्या बाजूला डावा पाय ठेवायचा, कंबर सीटवरून डावीकडे सरकवायची, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. गाडी मागे घ्यायची असेल तर उतरून घ्यायची, त्यात काही कमीपणा नाही. उंची उतरवून झाल्यावरही मी हेच करते.

कायद्याचं आणि वॉरंटीचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीत लिहिलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार करायला मनाई करतं. सीटची उंची आरसीवर नसते, पण तरी आपण काय बदललंय ते नोंदवून ठेवावं आणि मूळ भाग फेकू नयेत. माझी गाडी वॉरंटीबाहेरची आहे. नव्या गाडीवर लिंक बसवण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा, कारण सस्पेन्शनच्या तक्रारीवर ते हात वर करू शकतात. नवी गाडी असेल तर कंपनीचीच कमी उंचीची सीट मिळते का, ते आधी बघा.

काम होऊन आता ४,२०० किलोमीटर झाले. मध्यंतरी मिस्त्रींनी स्वतःहून फोन करून बोलावलं, पट्ट्या उघडल्या, बुशमधलं ग्रीस बदललं, बोल्ट पुन्हा टॉर्क केले. त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "नवीन पट्टी हाय, एकदा उघडून बघितल्याशिवाय मला झोप लागंना."

गेल्या आठवड्यात पहाटे पावणेपाचला राधानगरीकडच्या एका वाडीवरून फोन आला, म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. धुकं होतं, वाडीला जायचा चढ शेणानं आणि पावसानं निसरडा झालेला. मधोमध एक बैलगाडी आडवी लावलेली होती, ती कुणीतरी बाजूला करेपर्यंत मला चढावरच थांबावं लागलं. डावा पाय टेकला, उजवा ब्रेकवर ठेवला. गाडी जराशी उजवीकडे कलली तेव्हा उजवाही टेकवला, आणि गमबुटाखाली मला खालचा गोटा जाणवला. दोन-तीन मिनिटं तशीच उभी होते. पेटीतल्या बाटल्या वाजल्यासुद्धा नाहीत. मग बैलगाडी हलली, मी पहिला गिअर टाकला आणि वर गेले. रेडकू सरळ करायला पाऊण तास लागला. रेडकू निघालं, मादी, जिवंत.

सीटची शिवण तेवढी या महिन्यात करून घ्यायची आहे. जाताना भरलेली पेटी आणि गमबूट बरोबर नेईन, कारण काका पुन्हा वर बसवून बघितल्याशिवाय सीट परत देणार नाहीत.